ओठ न मिटता पन्हे कसे मागावे?

उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना कोणत्या शिबिरात दाखल करावे, ही चिंता ज्या पालकांना फाल्गुनापासूनच ग्रासू लागते, त्यांच्यापुढे एक बिनखर्चाची सूचना आग्रहाने मांडावीशी वाटते. भर दुपारी दारे-खिडक्या लोटून घेतल्यावर, पन्हे किंवा कोकमाचे सरबत वाटण्याची घटका आली, की घरात निरोष्ठ भाषणाचा हुकूम जारी करावा. प, फ, ब, भ, म या पाच वर्णांना, म्हणजे ज्यांच्या उच्चारासाठी ओठ एकमेकांना टेकवावेच लागतात त्यांना, पेला रिकामा होईपर्यंत सक्त मनाई.

ही क्लृप्ती पुरातन आहे. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त ओठ दुखावलेला मंत्रगुप्त आपली सारी हकीकत ओष्ठ्य वर्णांवाचून कथन करतो, आणि अठराव्या शतकात, 1729 मध्ये पन्हाळगडावर जन्मलेल्या व पुढे बारामतीस बाबूजी नाइकांच्या आश्रयाला राहिलेल्या मोरोपंतांनी जी एकशे आठ रामायणे रचली म्हणून सांगतात, त्यांत एक निरोष्ठ रामायणही आहे. ज्या काव्याचा नायक राम, त्या काव्यात ‘राम’ हा शब्दच उच्चारता येऊ नये, हे बंधन स्वतःवर घालून घेणाऱ्या कवीचे धारिष्ट केवढे असेल, याची कल्पना मुलांना व्याख्यानाने येणार नाही. परंतु या नियमाखाली मोरोपंत, पन्हाळगड, बारामती आणि बाबूजी यांपैकी एकाचेही नाव घेता येत नाही, हे त्यांचे त्यांनाच उमगले, की ती तत्क्षणी येते.

आता सरबताच्या पेल्याकडे वळावे. पन्हे, आंबा, कोकम, लिंबू, सरबत आणि बर्फ हा ग्रीष्माचा अवघा परिवार एका फटक्यात वर्ज्य ठरतो, आणि ‘पाणी’देखील मागता येत नाही! शिल्लक राहते ते ताक, कलिंगड, शहाळे. ‘आंबट’ हे विशेषणही कामास येत नाही, कारण अनुस्वारामागे ब दबा धरून बसलेला असतो. तहानलेला मुलगा ‘मला’ म्हणायला जातो आणि पहिल्याच अक्षराला अडखळतो. ‘मी’ गेला, ‘आम्ही’ गेले, ‘आपण’ही गेले. बराच वेळ डोके खाजवून अखेरीस तो म्हणतो, “आजी, तहान लागली, कैरीचा गार रस दे.” हे वाक्य तपासून पाहावे, त्यात कोठेही दोष सापडणार नाही, आणि अशा वाक्याला दुसरा पेला इनाम न देणारी आजी महाराष्ट्रात असेल, असे वाटत नाही.

नात्यांचाही असाच कस लागतो. आई, काका, दादा, ताई, आत्या यांना हाक मारण्यास हरकत नाही. बाबा, मामा आणि आजोबा मात्र बाद. सुटी ज्याच्या घरी घालवायची त्या मामालाच हाक मारता येऊ नये, ही मोठीच अडचण. पण ‘आईचा दादा’ असा तोडगा एखादी सात वर्षांची भाची काढते, तेव्हा सारे घर हसते आणि मामाही पेला खाली ठेवून तिचे कौतुक करतो.

खरी रंगत तक्रारींच्या सुनावणीत असते. शास्त्राप्रमाणे उ आणि ऊ हे स्वरही ओष्ठ्य, आणि व दंतोष्ठ्य. तेव्हा पन्ह्याच्या घटकांचीच चौकशी आरंभिली, तर कैरी, साखर व केशर निर्दोष सुटतात, गूळ आणि वेलदोडा संशयित ठरतात आणि मीठ पहिल्याच तारखेला बाद होते. उकार-वकारांविषयीचा आमचा निवाडा असा, की दहा वर्षांखालील मुलांना त्यांची मुभा असावी, वडीलधाऱ्यांना नसावी. यामुळे व्याकरण शिकलेला काका वारंवार चुकतो, अक्षरओळख बेताचीच असलेली पणजी सावकाश बोलून जिंकते, आणि हा न्याय मुलांना फार आवडतो.

आमचा आग्रह याचसाठी आहे. कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ अशा स्थानांच्या क्रमाने आपली वर्णमाला रचलेली आहे, ही अद्भुत गोष्ट शाळेत बहुधा पाठांतराखाली गाडली जाते. दुपारच्या या खेळात ती ओठांनाच कळते. वर्णमालेचा पाचवा वर्ग जिभेने नव्हे तर ओठांनी घडतो, हे ज्या मुलाने पेला हातात असूनही शब्द न सापडल्यामुळे अनुभवले, त्याला पुन्हा तक्ता दाखवावा लागत नाही. पर्याय शोधण्याच्या धडपडीत नीर, जल, तात, जनक असे धूळ खात पडलेले शब्द पुन्हा वापरात येतात, ही वेगळीच कमाई. एवढेच पथ्य पाळावे, की अडलेल्या मुलाला कोणी शब्द पुरवू नये आणि दूरध्वनीतून तर मुळीच शोधू देऊ नये. पन्हे थोडे कोमट झाले तरी चालेल.

आठवडाभरात ओठ सरावले, की हुकूम बदलावा आणि त, थ, द, ध, न यांवर बंदी घालावी. आंबा, कोकम, पाणी, मामा, बाबा सारे परत येतील. ताक जाईल, सरबत जाईल, आणि पन्ह्यातला न त्याला या खेपेसही सुटू देणार नाही. ‘दे’ म्हणता येणार नाही आणि ‘नको’ही म्हणता येणार नाही, पेला पुढे करून ‘हवे’ म्हणण्यास मात्र पूर्ण मोकळीक राहील.