शेवाळ मेले म्हणजे तलाव साफ झाला नाही

तलावात सांडपाणी साचले आणि ऊन तापले, की पाण्यावर हिरवी साय धरते. कधी ती काही दिवसांत अचानक विरते आणि ‘तलाव आपोआप साफ झाला’ असे समाधान मानले जाते. भद्रावतीच्या डोलारा तलावापासून गावोगावच्या मामा तलावांपर्यंत कुठेही असे समाधान मानणे धोक्याचे आहे.

ही साय बहुधा नीलहरित शेवाळाची असते. ती विरण्यामागे अनेकदा विषाणूंचा हात असतो. समुद्रात हे ठळकपणे दिसते. नॉर्वेजवळ ‘एमिलियानिया हक्सलेयी’ हे सूक्ष्म शैवाल इतके माजते, की पाण्याचा दुधी-निळा रंग उपग्रहातूनही दिसतो. विषाणूची साथ आली, की काही दिवसांतच त्याचा फडशा पडतो. गोड्या पाण्यातील नीलहरित शेवाळ मारणारा विषाणू अमेरिकेत १९६३ मध्ये सॅफरमन आणि मॉरिस यांनी नोंदवला. तेव्हापासून विषाणू सोडून तलाव साफ करण्याची कल्पना अधूनमधून डोके वर काढते.

पण विषाणू शेवाळाची पेशी फोडतो, तिच्यातला ऐवज नाहीसा करत नाही. नत्र आणि स्फुरद पुन्हा पाण्यात मिसळतात आणि त्यावर पुढचे पीक पोसते. काही जातींच्या पेशींत विष असते, तेही पाण्यात उतरते. मोरचूद टाकूनही हेच होते. ऑस्ट्रेलियातील पाम बेटावर १९७९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या धरणातील शेवाळ मोरचुदाने मारले गेले. त्यानंतर सुमारे दीडशे जण यकृत व मूत्रपिंडाच्या त्रासाने आजारी पडले. त्यांत बहुतेक मुले होती.

म्हणून साय दिसेपर्यंतच नव्हे, तर ती विरल्यानंतरही काही दिवस मुलांना आणि गुराढोरांना त्या पाण्यापासून दूर ठेवावे. पाणी उकळूनही हे विष जात नाही. औषध फवारण्याआधी नगर परिषदेने पाणी तपासून घ्यावे.

खरा उपाय काठावर आहे. चंद्रपूरच्या रामाळा तलावासाठी २०२१ मध्ये ‘इको-प्रो’चे बंडू धोतरे यांना उपोषणाला बसावे लागले. तलावात येणारे सांडपाणी अडवणे हे खर्चाचे आणि चिकाटीचे काम आहे. पण नाले सुरू ठेवून शेवाळ मारत बसणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणे होय.