चेरीवूडची चिठ्ठी : फुकट फोटो आणि विकतचा चहा



मागे आम्ही घराजवळच्या ट्रामविषयी लिहिलं होतं. ते वाचून एका भगिनींनी विचारलं, तिथे पूर्वी आगगाडी होती का हो? होती तर! डब्लिनच्या हार्कोर्ट स्ट्रीटहून ब्रे गावाला जाणारी ही लाइन 1854 साली सुरू झाली आणि 31 डिसेंबर 1958 रोजी बंद पडली. रूळ उखडले, जमीन विकली. ट्राम आमच्यापर्यंत यायला 2010 साल उजाडलं. ब्राइड्स ग्लेनचा दगडी कमानींचा जुना पूल मात्र अजून उभा आहे, गाडीविना. फिरायला गेलो की नातू विचारतो, "आजी, इंजिन कुठे गेलं?"

एक वाचलं आहे. नंबर 461. ज्या कंपनीची ही लाइन होती, त्या डब्लिन अँड साउथ ईस्टर्न रेल्वेसाठी ते 1922 साली मँचेस्टरला बांधलं. आज ते रेल्वे प्रिझर्वेशन सोसायटी ऑफ आयर्लंड या संस्थेकडे आहे. संस्था 1964 सालची.

आम्हाला इंजिनातलं काही कळत नाही. लहानपणी पपांनी नेरळहून माथेरानच्या गाडीने नेलं, खिडकीबाहेर डोकं काढलं आणि कोळशाची कणी डोळ्यात गेली, एवढंच आमचं ज्ञान. (मुलांनो, कणी गेली तर डोळा चोळायचा नाही, स्वच्छ पाण्याने धुवायचा. नर्सची खोड काही जात नाही.) म्हणून काही वर्षांपूर्वी संस्थेच्या सहलीसाठी कॉनोली स्टेशनवर गेलो तेव्हा जरा संकोचच वाटला. सगळीकडे वह्या घेऊन इंजिनांचे नंबर लिहिणारी माणसं! चहा देणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना आम्ही सांगून टाकलं, यातलं आम्हाला काहीच समजत नाही. ते हसून म्हणाले, "बाई, समजणारे पुष्कळदा पुलावर उभे राहून फुकट फोटो काढतात. न समजणारे तिकीट काढतात, वर चहाही घेतात."

गंमतीत म्हणाले, पण खरंच आहे ते. साधारण दहा वर्षांनी बॉयलर उतरवून, नळ्या काढून सगळा तपासावा लागतो. दाखला मिळाला नाही तर इंजिनात विस्तव पेटवता येत नाही. आपलं बी. पी. तपासण्यासारखं नव्हे, चांगलं मोठं ऑपरेशनच म्हणा! खर्च लाखांच्या घरात जातो. पुष्कळसं काम स्वयंसेवक हौसेने करतात, पण हौसेने पोलाद येत नाही. त्याला सभासदांची वर्गणी, तिकिटं, चहा, लॉटरीची चिठ्ठी असे थेंब थेंब पैसे लागतात. आमच्या गुडघ्यांना आता इंजिनावर चढणं जमत नाही. आम्ही नानखटाईचा डबा लॉटरीत बक्षीस म्हणून दिला. तो आम्हालाच लागला! परत दिला.

त्या दिवशी नातवाने खाऊच्या पैशातले दोन युरो देणगीच्या डब्यात टाकले. मग विचारलं, "आता आपल्या पुलावर गाडी येईल?"

नाही येणार, आम्ही सांगितलं. तिथे रूळच नाहीत.

थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "इंजिनं राहतात कुठे?"

काउंटी अँट्रिममध्ये, व्हाइटहेडला. तिथे संस्थेचं वर्कशॉप आहे, आणि 2017 पासून म्युझियमही. आधी बेलफास्ट, मग लार्नकडची गाडी. शाळेला सुट्टी लागली की जाणार आहोत. नानखटाई करावीच लागेल.