डोकं दुखतंय? आधी मान तपासा

मोंढ्यात तुरीची, सोयाबीनची आवक वाढली की आमच्या ओपीडीत एक तक्रार हमखास ऐकू येते. "साहेब, मानेमागून ठणका निघतो अन् डोळ्यावर येऊन बसतो." सांगणारा बहुधा हमाल असतो. कधी हळद काढणीवरची मजूर बाई, कधी शिलाई मशीनवर दिवस काढणारा शिंपी, आणि अलीकडे मोबाइलमध्ये मान घातलेली कॉलेजची पोरंही. यातल्या बहुतेकांनी डोळे तपासलेले असतात, पित्ताच्या गोळ्या खाल्लेल्या असतात, कुणाच्या चिठ्ठीवर 'सायनस' लिहिलेलं असतं. मानेला मात्र कुणी हात लावलेला नसतो.

दुसऱ्यांना कशाला बोल लावू? नोकरीच्या सुरुवातीची बरीच वर्षं मीही लावत नव्हतो. बाहेर रांग असते. वेदनाशामक लिहायला अर्धा मिनिट लागतो, मान तपासायला पाच मिनिटं.

मानेचं दुखणं डोक्यात कसं जातं, हे रुग्णांना पटत नाही. मानेच्या वरच्या तीन मणक्यांजवळच्या नसा आणि कपाळ-डोळ्यांची संवेदना वाहणारी नस मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला एकाच केंद्रात येऊन मिळतात. निरोप मानेतून येतो आणि मेंदूला वाटतं, कपाळ दुखतंय. नॉर्वेचे मेंदूविकारतज्ज्ञ ओटार स्यास्टाड यांनी 1983 मध्ये या डोकेदुखीचं स्वतंत्र वर्णन केलं. त्याआधी आणि नंतरही ती अर्धशिशीच्या नावावर खपत आली.

ओळखायची कशी? दुखणं बहुधा एकाच बाजूला असतं आणि प्रत्येक वेळी तीच बाजू. मान वळवली किंवा बराच वेळ एका स्थितीत ठेवली की वाढतं. त्या बाजूचा खांदाही भरून येतो. अर्धशिशीत ठोके पडल्यासारखं दुखतं, मळमळतं, उजेड नकोसा होतो आणि बाजू बदलू शकते. पण अर्धशिशीतही पुष्कळांची मान दुखते, म्हणून नुसत्या मानदुखीवर निदान होत नाही. रुग्णाला उताणं झोपवून, हनुवटी छातीकडे पूर्ण वाकवून डोकं हळूच दोन्हीकडे वळवून पाहायचं. निरोगी मान प्रत्येक बाजूला साधारण 45 अंश वळते. दुखऱ्या बाजूला ती अलीकडेच अडते. या तपासणीला यंत्र लागत नाही.

एक्स-रेचं मात्र आपल्याकडे भलतंच वेड. 'मणक्यात गॅप आहे' हे वाक्य रुग्ण जन्मभर उराशी बाळगतो. चाळिशीनंतर अशी झीज कसलाही त्रास नसलेल्या पुष्कळ माणसांत दिसते. काँगोमध्ये डोक्यावर लाकडं वाहणाऱ्यांच्या पाहणीत मानेच्या मणक्यांची झीज जास्त आढळली हे खरं. पण झीज दिसली म्हणजे डोकं तिच्यामुळंच दुखतं असं नाही. आणि पट्टा महिनोन्‌महिने गळ्यात अडकवला तर स्नायू आणखी दुबळे होतात.

गोळ्यांचं तर विचारूच नका. साधी वेदनाशामकं महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली तर त्या गोळ्यांमुळंच डोकं दुखायला लागतं. मिश्र गोळ्यांना 10 दिवसही पुरतात. रुग्ण म्हणतो, गोळी घेतली नाही की दुखतं. खरं तर गोळीनंच ती सवय लावलेली असते.

उपाय व्यायामाचा आहे, म्हणून तो कुणाला औषध वाटत नाही. ऑस्ट्रेलियात ग्वेंडोलेन जल आणि सहकाऱ्यांनी 200 रुग्णांवर केलेला अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवडे मानेच्या खोल स्नायूंचे व्यायाम आणि हातानं केलेले उपचार दिले, आणि फायदा वर्षभरानंतरही टिकला. व्यायाम सोपा आहे. उताणं झोपून, डोकं न उचलता 'हो' म्हटल्यासारखी हनुवटी हलकेच आत घ्यायची, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. असं दहा वेळा, रोज. दुखणं वाढलं तर थांबून दाखवायला यायचं. कटिंगच्या दुकानात मात्र मान कडकन मोडून घेऊ नका. मेंदूला रक्त नेणारी धमनी त्यात फाटू शकते.

अचानक, आयुष्यात कधी नव्हतं इतकं डोकं दुखलं, ताप येऊन मान ताठली, हातापायांतली ताकद कमी झाली, चालताना झोक जायला लागला, डोक्याला मार लागला किंवा पन्नाशीनंतर नव्यानंच डोकेदुखी सुरू झाली, तर व्यायाम करत बसू नका. सरळ दवाखाना गाठा.

आता माझं खरं गाऱ्हाणं. मी हमालाला 'ओझं टाळा' असं सांगतो तेव्हा मलाच ओशाळायला होतं. ओझं टाळलं तर तो संध्याकाळी घरी काय नेणार? महाराष्ट्रानं 1969 मध्ये माथाडी कायदा केला. त्याच्या नावातच माथा आहे. तरी अर्ध्या क्विंटलचा कट्टा आजही माथ्यावर आणि पाठीवरच चढतो. चुंबळ ठेवल्यानं टाळूला टोचत नाही इतकंच. वजन मानेलाच पेलावं लागतं. बाजार आवारात ढकलगाड्या द्या, थप्पी लावताना दोघांनी मिळून कट्टा उचलायची पद्धत पाडा. आणि ग्रामीण भागातल्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसवा. व्यायाम कागदावर लिहून देऊन जमत नाही, तो एकदा जवळ बसून करून घ्यावा लागतो. आज जवळा बाजारच्या हमालाला त्यासाठी हिंगोली किंवा परभणी गाठायची म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची, आणि सहा आठवडे कोण बुडवतो?