भूगोलाचा तास आणि संगणक

संचालक मंडळापुढे सध्या एक प्रस्ताव आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांना पृथ्वीविज्ञान शिकवण्यासाठी 'सिम्युलेशन', म्हणजे निसर्गातील घडामोडी पडद्यावर घडवून दाखवणारे सॉफ्टवेअर विकत घ्यावे, असा. काही पालकांना वाटते, आता पुस्तकाचे काम संपले. काहींना हा नुसता खेळ वाटतो. आम्हांला दोन्ही मते टोकाची वाटतात.

प्रथम खर्चाविषयी. अशी साधने विकतच घ्यावी लागतात असे नाही. नोबेल पारितोषिक विजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या 'फेट' उपक्रमाची सिम्युलेशने विनामूल्य आहेत, काही मराठीतही आहेत. बरीचशी एकदा उतरवून घेतली की इंटरनेटवाचून चालतात. आपल्याकडे पावसाळ्यात इंटरनेटचा भरवसा किती, हे जांबोटीकरांना सांगायला नको.

त्यात भूपट्टांचे एक सिम्युलेशन आहे. मूल स्वतःच्या हाताने दोन भूपट्ट एकमेकांकडे सरकवते. खंडाला खंड भिडला की पर्वत उभा राहतो. सागरी भूपट्ट खंडाला भिडला की तो खाली जातो आणि ज्वालामुखी तयार होतो. वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर सरकणाऱ्या भारतीय भूपट्टाने हिमालय कसा उचलला, हे फळ्यावर बाण काढून सांगताना शिक्षकाचा घसा कोरडा पडतो. जे फार खोल आहे किंवा फार हळू घडते, तेथे या साधनाचा उपयोग निश्चित आहे.

परंतु तेवढेच पाहिलेल्या मुलाला विचारा, सह्याद्री कसा झाला? तो म्हणेल, टक्कर होऊन. आणि ते साफ चूक आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले. त्या पठाराची तुटलेली, पावसाने झिजलेली पश्चिम कड म्हणजे सह्याद्री. आपला बेळगाव भाग त्या लाव्हाच्या दक्षिण टोकाला येतो. भूकंपाचेही तसेच. कोयनानगर (११ डिसेंबर १९६७) आणि किल्लारी (३० सप्टेंबर १९९३) ही दोन्ही ठिकाणे भूपट्टांच्या कडेपासून दूर आहेत. भूकंप फक्त कडेला होतात, आपल्याला धोका नाही, असा समज घेऊन मूल वर्गातून बाहेर पडले तर ते शिक्षण घातकच म्हणावे लागेल.

आणखी एक गोष्ट भाषेची. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदीत झाले. तेथे 'भूपर्पटी' शिकलो, येथे 'भूकवच' शिकवतो. आपली मुले घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलतात. त्यात पडद्यावर 'क्रस्ट' आणि 'मँटल' आले की शब्दांच्या गर्दीत मूळ कल्पना हरवते. म्हणून शिक्षकाने मराठी शब्द आधी फळ्यावर लिहावेत, मग संगणक सुरू करावा.

आणि जे दारात आहे ते पडद्यावर कशाला? कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला जाऊन कूडलसंगमला कृष्णेस मिळते. याच खानापूर तालुक्यातली म्हादई पश्चिमेला गोव्यात जाऊन मांडवी होते. एका डोंगराच्या दोन उतारांवरचा पाऊस दोन समुद्रांना जातो. म्हादईच्या पाण्याचा तंटा, २०१८ सालचा लवादाचा निवाडा, हे सगळे मुलांच्या कानावर रोज पडते. पण जलविभाजक म्हणजे काय, ते किती जणांना ठाऊक आहे? ते कणकुंबीच्या माथ्यावर उभे राहून दहा मिनिटांत कळते. परत आल्यावर तोच डोंगर इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावर उपग्रहातून पाहावा. क्रम मात्र हाच असावा.

तेव्हा आमची संचालक मंडळास सूचना अशी की, महागडे सॉफ्टवेअर घेऊ नये. एक चांगला प्रोजेक्टर घ्यावा, विनामूल्य सिम्युलेशने वापरावीत आणि उरलेल्या रकमेतून प्रत्येक वर्गाला पावसाळा संपताच एकदा कणकुंबीला न्यावे. जीपगाडी देऊ शकणाऱ्या पालकांनी, तसेच या प्रस्तावावर वेगळे मत असणाऱ्यांनीही, पुढील बैठकीपूर्वी कार्यालयात लेखी कळवावे.