शाळा सोडविण्यापूर्वी

पेडणे व डिचोली तालुक्यांतील पालकांच्या तोंडून अलीकडे एक विचार वारंवार ऐकू येतो. मुलगा नववीत आहे, शाळेत त्याचे मन रमत नाही, सकाळ उजाडली की पोट दुखू लागते, गुणपत्रिका पाहवत नाही. मग त्याला घरीच का शिकवू नये? हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. विचारणाऱ्या आईबापांची झोप उडालेली असते, आणि चौदा-पंधरा वर्षांचा तो मुलगा स्वतःस ‘ढ’ समजू लागलेला असतो.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे. त्यापुढील मुलास शाळेत बसविण्याची सक्ती त्यात नाही. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतर्फे चौदा वर्षे पूर्ण झालेल्यास घरी अभ्यास करून दहावीच्या परीक्षेस बसता येते. विषय पाच, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि सारे विषय पुरे करण्यास पाच वर्षांची मुदत. मराठी माध्यमही घेता येते. तेव्हा वाट मोकळी आहे. तथापि वाट आहे म्हणून निघावे असे नव्हे. मुलगा कशापासून पळतो आहे, हे आधी शोधले पाहिजे.

आपल्या भागात याचे एक कारण बहुधा नजरेतून निसटते. सरकारी प्राथमिक शाळेत मूल चौथीपर्यंत मराठीतून वा कोंकणीतून शिकते आणि पाचवीत एकाएकी इंग्रजीच्या हवाली होते. काल ज्याला अपूर्णांक कळत होता, त्याच्यापुढे आज तोच परक्या नावाने उभा राहतो. पाठांतराच्या बळावर आठवीपर्यंत निभते. नववीत विषय खोल होतात आणि पाठांतर हात टेकते. बाहेरून दिसते ती मंदबुद्धी; वस्तुतः तो असतो भाषेचा अडसर.

याची पारख घरीच करता येईल. विज्ञानाचा एक धडा मुलास मराठीतून समजावून द्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या शब्दांत सांगावयास लावा. त्याने नीट सांगितला, तर बुद्धी शाबूत आहे असे खुशाल समजावे. अशा मुलास शाळेतून काढण्याचे कारण नाही. रोज सायंकाळी तासभर घरातील कोणी त्याच्याबरोबर बसून विषय मराठीत उलगडावा आणि मग इंग्रजी शब्द शिकवावेत.

मराठी वाचतानाही तो अडखळत असेल, अक्षरे उलटसुलट होत असतील, आणि बोलण्यात मात्र तो हुशार असेल, तर डोळे व कान तपासून घ्यावेत आणि तज्ज्ञांकडे जावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे. रीतसर प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत अधिक वेळ व अन्य सवलती मिळू शकतात. आणि कोणाच्या चिडवण्याने वा माराने तो घाबरला असेल, तर ती गोष्ट शांतपणे काढून घ्यावी. त्यावर शाळा बदलणे हाही उपाय असतो.

एवढे करूनही घरच बरे असे ठरले, तर घरी शिकणे म्हणजे एकटे शिकणे नव्हे, हे ध्यानी ठेवावे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील मुले शेणवीमामांकडे मराठी शिकली. तेथे शिकविणारा होता आणि शेजारची मुलेही होती. साखवाळचे धर्मानंद कोसंबी शाळेत फारसे शिकले नाहीत, परंतु गुरूच्या शोधात १८९९ साली घर सोडून निघाले आणि पुढे हार्वर्डपर्यंत पोहोचले. मुंबईची मालविका जोशी सातवीनंतर घरी शिकली आणि २०१६ साली अमेरिकेतील एमआयटीत गेली. तिच्याही पाठीशी आईने दिलेला वेळ होता, चेन्नईतील अध्यापकांचे मार्गदर्शन होते आणि संगणकाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मिळालेली तीन पदके होती. ही उदाहरणे ज्ञानाची भूक असलेल्यांची आहेत. शाळेने ज्याची भूकच मारली आहे, त्याला अधिक सोबत लागते.

म्हणून पालकांनी स्वतःस विचारावे: रोज तीन-चार तास त्याच्याजवळ कोण बसणार? खेळावयास, बोलावयास बरोबरीची मुले कोठून येणार? घरी राहिलेली मुलगी चार महिन्यांत चुलीकडे वळते आणि मुलगा दुकानाच्या गल्ल्यावर बसतो, हे आपण गावोगावी पाहतो. मुक्त विद्यालयात गणित सोडता येते, पण त्याबरोबर तंत्रशिक्षणाची अनेक दारे बंद होतात. अकरावीपासून इंग्रजीशी गाठ पडणारच. ती भाषा सोडून चालणार नाही.

आधी एका लांब सुट्टीत घरचे वेळापत्रक पाळून पाहावे. महिनाभर ते टिकले, मूल हसू-बोलू लागले आणि त्याचीही तशीच इच्छा असली, तरच पुढचा विचार करावा. तोवर शाळा सोडल्याचा दाखला मागू नये. वर्गशिक्षकांना भेटून मुलाच्या वह्या समोर ठेवाव्यात आणि तो नेमका कोणत्या इयत्तेपासून अडला आहे, एवढे तरी विचारावे.