ठाणे-कल्याणच्या प्राध्यापकांसाठी एक खोली द्या

मा. कुलगुरू,
मुंबई विद्यापीठ, मुंबई



मी डोंबिवलीतल्या एका महाविद्यालयात अकाउंटन्सी शिकवते. या पत्रात एकच मागणी आहे. महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना आपलं शिकवणं सुधारता येईल, असं एक बारमाही केंद्र विद्यापीठाने ठाणे आणि कल्याणच्या उपपरिसरांत सुरू करावं.

आपल्याकडे पहिलीच्या वर्गावर जायला डी.एल.एड. लागतं, दहावीच्या वर्गावर जायला बी.एड. पदवीच्या वर्गावर जायला मात्र पदव्युत्तर शिक्षण आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. एवढं पुरतं. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर प्रश्न असतात, पण तेही पर्याय निवडण्याचे. शंभरेक मुलांसमोर उभं राहून तास कसा घ्यायचा, हे जो तो आपल्या जुन्या प्राध्यापकांना आठवून शिकतो. ज्याला चांगले प्राध्यापक मिळाले तो तरतो.

ही उणीव कुणाला माहीत नव्हती असं नाही. 1986च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी विद्यापीठांमध्ये अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजं काढली. 2015मध्ये त्यांची मनुष्यबळ विकास केंद्रं झाली आणि 2023पासून ती शिक्षक-प्रशिक्षणाच्या मालवीय मिशनखाली आली. आपल्या विद्यापीठाचंही असं केंद्र आहे आणि तिथल्या ओरिएंटेशनमधून आयुष्यभराचे स्नेही घेऊन आलेले ज्येष्ठ सहकारी मला माहीत आहेत. वेगवेगळ्या विषयांची माणसं तीन-चार आठवडे एकत्र राहायची, एकमेकांसमोर तास घ्यायची, रात्री त्यावर वाद घालायची.

आता बरेचसे कोर्स ऑनलाइन झाले आहेत. त्यामुळे बदलापूर-शहापूरकडच्या प्राध्यापकाचा लोकलचा प्रवास वाचला, घरी लहान मूल असलेल्या बाईला कोर्स करता आला, हे मोठंच काम झालं. पण स्टाफरूममध्ये काय दिसतं तेही सांगायला हवं. टेबलावर मोबाइल उभा केलेला असतो, त्यातून व्याख्यान चालू असतं, समोर पेपरांचा गठ्ठा असतो. मध्येच कुणी तासाला जाऊन येतं. शेवटी हजेरीचा फॉर्म, मग पर्यायी प्रश्नांची चाचणी, मग प्रमाणपत्र. ते बढतीच्या कॅस योजनेच्या फाइलला लागतं आणि बढतीचा एक टप्पा पूर्ण होतो. यात मी सहकाऱ्यांना दोष देत नाही. कोर्सच्या काळात कॉलेजने रिलीव्ह केलं नाही, तर माणूस दुसरं काय करणार? मात्र अशा कोर्सनंतर वर्गात काही बदललं का, हे विचारायला कुणीच येत नाही.

काय बदलू शकतं, ते एका उदाहरणाने सांगते. मी आणि माझी एक सहकारी ठरवून एकमेकींच्या तासाला मागच्या बाकावर बसू लागलो. माझ्या तासाला हायर पर्चेसचा, म्हणजे हप्त्याने खरेदीचा धडा चालू होता. फळ्यावर हप्त्यांचा तक्ता पूर्ण झाला, ‘समजलं का?’ला नेहमीसारखा ‘हो’ असा एकसुरात जबाब आला आणि सगळ्यांच्या वह्यांत तक्ता बिनचूक उतरला. पुढच्या तासाला आम्ही नव्या उदाहरणातला पहिला हप्ता सोडवून थांबलो. दुसरा हप्ता शेजाऱ्याबरोबर सोडवा आणि एकमेकांना समजावून सांगा, असं मुलांना सांगितलं. मागे बसलेल्या माझ्या सहकारीने वह्यांमधून फेरी मारली. कित्येकांनी हप्त्याची पूर्ण रक्कम मुद्दलातून वजा केली होती. हप्त्याच्या पोटात व्याज असतं, हेच त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. यातल्या बऱ्याच मुलांच्या हातातले फोन हप्त्यावर घेतलेले! मग तिथूनच सुरुवात केली आणि तो वर्ग जागा झाला.

यासाठी निधी लागला नाही. लागली ती एक विश्वासाची सहकारी आणि वेळापत्रकातली एक मोकळी तासिका. पण हे दोघींच्या मैत्रीवर चाललंय. तिची बदली झाली की संपलं.

आता याची निकड आणखी वाढली आहे. 2024-25पासून संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण आलं. ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग हे सगळं आम्हीच शिकवायचं आणि तपासायचं आहे. शिक्षकाची तयारी न करता बदल लादला की काय होतं, हे विद्यापीठाने 2017मध्ये पाहिलं आहे. ऑनस्क्रीन मूल्यांकन घाईने आणलं आणि मुलांचे निकाल महिनोन्महिने रखडले.

नमुना शोधायला लांब जायला नको. आयआयटी मुंबईतून प्रा. दीपक फाटक यांनी देशभरच्या अभियांत्रिकी प्राध्यापकांसाठी कार्यशाळा घेतल्या. व्याख्यान पवईहून थेट व्हायचं, पण ऐकणारे आपापल्या जवळच्या महाविद्यालयातल्या केंद्रात एकत्र जमायचे आणि तिथेच समन्वयकाबरोबर सराव करायचे. पडदा आणि सोबत, दोन्ही मिळायचं. विज्ञानासाठी मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974पासून काम करत आहे. लांबचं उदाहरण हवंच असेल, तर नॉर्वेत विद्यापीठातल्या शिक्षकांकडून अध्यापनाच्या प्रशिक्षणाची अपेक्षा केली जाते.

ठाण्यात बाळकुमला आणि कल्याणला विद्यापीठाच्या इमारती उभ्या आहेत. आजूबाजूला जोशी-बेडेकर, बांदोडकर, बिर्ला, अग्रवाल, पेंढरकर, मॉडेल, प्रगती अशी महाविद्यालयं आहेत आणि त्यांत उत्तम शिकवणारी माणसं आहेत. त्यांना एकमेकांचा तास बघता यावा, यासाठी विद्यापीठाच्या पत्राचं बळ हवं. केंद्रातल्या कामाला ड्यूटी लीव्ह द्या. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना पहिल्या दिवसापासून घ्या, आणि त्या वेळेचं मानधनही द्या. आज कित्येक वर्ग त्यांच्याच खांद्यावर आहेत आणि प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचं नाव सगळ्यात शेवटी येतं. तासाचं निरीक्षण मात्र प्राचार्यांच्या गोपनीय अहवालात जाता कामा नये, नाहीतर दार उघडून कुणी कुणाला आत घेणार नाही.

केंद्राची पहिली बैठक शनिवारी दुपारी कल्याणला ठेवावी. सकाळच्या सत्राचे तास आटोपून कसारा-कर्जतकडचे आणि ठाण्याकडचेही येऊ शकतील. खोलीत फळा हवा आणि बाकं हलवता येतील अशी हवीत. विषय मी सुचवते : शंभर मुलांच्या वर्गात न समजलेलं ओळखायचं कसं?

आपली विश्वासू,
एक प्राध्यापिका, डोंबिवली