गाडीचें दुखणें : क्लच आणि गिअर-बॉक्स

गेल्या अंकीं आम्ही घरांतील पाण्याच्या पंपाविषयीं लिहिलें. आज मोटारगाडीच्या अशा एका अवयवाविषयीं लिहिण्याचें योजिलें आहे, कीं जो डोळ्यांस दिसत नाहीं, ज्याचें नांव घरांतील लहानथोरांस ठाऊक असतें, आणि ज्याचें दुखणें ओळखण्यांत आमच्यासारखे जुने चालकही फसतात. इंजिनाची शक्ति चाकांपर्यंत पोंचविणारी जी यंत्रणा, तिचे क्लच आणि गिअर-बॉक्स हे दोन मुख्य भाग होत. आम्ही कसे फसलों तें सांगितल्यावांचून हा विषय पुरा व्हावयाचा नाहीं. परंतु आधीं यंत्राची ओळख करून घेऊं.

इंजिन मंद फिरूं लागलें कीं त्याचा जोर ओसरतो; पण चढावर चाकें तर सावकाश आणि जोरानें फिरावयास हवींत. हा मेळ लहानमोठ्या दंतचक्रांनीं घातला जातो. साधारण लहान गाडींत पहिल्या गिअरला इंजिनाचे सुमारें साडेतीन फेरे होतात, तेव्हां गिअर-बॉक्समधून बाहेर पडणारा दांडा एकदां फिरतो. पांचव्या गिअरला एक फेराही पुरा लागत नाहीं. गिअर बदलतांना इंजिन व गिअर-बॉक्स यांचा संबंध क्षणभर तोडावा लागतो. तें काम क्लचचें. क्लचची तबकडी प्रेशर-प्लेटच्या दाबानें फ्लायव्हीलला घट्ट चिकटून असते, आणि पेडल दाबलें कीं सुटते. सारा व्यवहार घर्षणावर चालतो. आणि घर्षण म्हटलें कीं झीज आलीच. पूर्वीं गिअर टाकतांना चक्रांचा वेग जुळविणें हें चालकाचें कसब होतें. तो वेग आपोआप जुळविणारी सिंक्रोमेश योजना १९२८ सालीं कॅडिलॅक गाड्यांत आली, आणि आज ती बहुतेक सर्व हातगिअरच्या गाड्यांत असते.

आतां रोगलक्षणें. आयुर्वेदांत रोग्याच्या परीक्षेचे तीन मार्ग सांगितले आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. गाडीच्या बाबतींत श्रवण व घ्राण या दोहोंची भर घालावी.

प्रथम घ्राण आणि श्रवण. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाहीं, आणि कांहीं करपल्यासारखा वास येतो, तर क्लच घसरत आहे असें समजावें. पेडल अगदीं वरपर्यंत आल्यावर गाडी हलूं लागणें हेंही त्याचेंच पूर्वचिन्ह. खात्री करणें असल्यास सपाट, मोकळ्या जागीं, समोर कोणी नाहीं असें पाहून, हँड-ब्रेक ओढून व ब्रेकवर पाय ठेवून तिसरा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. क्लच निरोगी असल्यास इंजिन बंद पडतें; तें तसेंच फिरत राहिलें तर तबकडी झिजली आहे. ही परीक्षा एकदांच करावी. वारंवार केल्यास परीक्षेनेंच रोग वाढेल.

याच्या उलट दुखणें म्हणजे क्लच पुरता न सुटणें. पेडल दाबूनही गाडी पुढें सरकूं पाहते, आणि रिव्हर्स टाकतांना दांत करकरतात. अशा वेळीं गिअर-बॉक्सवर संशय घेण्यापूर्वीं क्लचची केबल ढिली झाली आहे काय, किंवा क्लच तेलावर चालणारा असल्यास तेल कमी झालें आहे काय, हें पाहावें. पुष्कळ गाड्यांत क्लच व ब्रेक यांचें तेल एकाच डब्यांतून जातें. म्हणून तें कमी झालेलें दिसल्यास तो ब्रेकचाही प्रश्न समजून विलंब करूं नये.

एकाच गिअरला करकर होत असेल तर त्या गिअरचा सिंक्रोनायझर झिजला असावा. गिअर आपोआप सुटून न्यूट्रलमध्यें येत असेल तर गिअरचा दांडा, त्याचे जोड आणि इंजिनाचीं माउंटिंगें आधीं तपासावीं, मग पेटी उघडण्याची गोष्ट करावी. क्लच दाबल्यावर घरघर ऐकूं आली तर रिलीज-बेअरिंग. क्लच सोडल्यावर न्यूट्रलमध्यें घरघर होते आणि दाबतांच थांबते, तर गिअर-बॉक्सच्या आंतील बेअरिंग, असें बहुधा निघतें.

दर्शनासाठीं रात्रीं गाडीखालीं एक मोठा पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळीं त्यावर स्वच्छ पाणी दिसलें तर तें वातानुकूलन-यंत्राचें, काळजी नको. दाट व गंधकासारख्या उग्र वासाचें तेल दिसल्यास तें गिअर-बॉक्सचें. तांबूस दिसल्यास बहुधा स्वयंचलित गिअरचें. लहान गाडींत हें तेल साधारण दोन लिटर असतें. गिअर-बॉक्स तेल जाळीत नाहीं. म्हणून तें कमी झालें तर कोठें तरी गळतच आहे हें निश्चित. नुसती भर घालून समाधान मानूं नये, आणि गाडीच्या पुस्तकांत सांगितलेलेंच तेल वापरावें.

ज्यांच्या घरीं स्वयंचलित गाडी आहे त्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें : लिव्हर ‘डी’वर टाकल्यावर गाडी हलावयास वेळ लागणें, गिअर बदलतांना धक्का बसणें, तेल काळें पडून करपट वास येणें, हीं त्यांचीं लक्षणें. परंतु सर्व स्वयंचलित गाड्या एका जातीच्या नव्हत. भारतांत २०१४ सालीं सेलेरिओ गाडीबरोबर स्वस्त गाड्यांत आलेली ए.एम.टी. ही आंतून हातगिअरच. क्लच मात्र यंत्र दाबतें. म्हणून अशी गाडी चढावर ॲक्सिलरेटरनें तोलून धरल्यास तिचाही क्लच जळतो. तेथें ब्रेकच वापरावा.

आतां राहिला प्रश्न. गाडी रोज जो चालवितो त्यास विचारणें, हाच या परीक्षेचा तिसरा मार्ग. आणि आम्ही नेमका तोच सोडला.

चैत्रांत आम्ही सहकुटुंब गुहागरास व्याडेश्वराच्या दर्शनास गेलों होतों. त्यापूर्वीं पंधरा दिवसांत आमची सूनबाई दोन वेळां म्हणाली, “मामंजी, चढावर गाडी नुसती ओरडते, पळत नाहीं. जळका वासही येतो.” ती मुलांना शाळेंत सोडावयास रोज गाडी नेते. आम्ही वर्तमानपत्रांतून मान वर न करतां म्हणालों, “तुझा पाय क्लचवर राहत असेल. नीट चालव, म्हणजे ओरडणार नाहीं.” ती कांहीं बोलली नाहीं.

परततांना पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढूं लागलों तेव्हां दिवस मावळत होता. सारथ्य आमच्याकडे होतें. मागें आमच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या मातोश्री नातवंडांसह बसल्या होत्या. एका वळणावर पुढची मालमोटार थांबली म्हणून आम्हीही थांबलों. पुन्हां निघूं पाहतों तों इंजिन गर्जना करतें आणि गाडी पुढें तसूभर न जातां मागें घरंगळते! मागें दुसरी मालमोटार होती. आमचा पाय ब्रेकवर गेला, पण आमच्याआधीं सूनबाईनें शेजारून हँड-ब्रेक ओढला होता. तिनेंच उतरून चाकांमागें दगड लावले, धोक्याचे दिवे चालू केले, त्रिकोण मागें नेऊन ठेविला, आणि मातोश्रींना व मुलांना डोंगराच्या बाजूस नेऊन बसविलें. चिपळुणाहून गाडी ओढून नेणारें वाहन येईपर्यंत दोन तास गेले. त्या दोन तासांत आम्ही कोणासही कांहीं शिकविलें नाहीं.

मिस्त्रीनें क्लच उतरवून तबकडी आमच्या हातीं दिली. अस्तर झिजून रिव्हेटा उघड्या पडल्या होत्या, आणि त्यांनीं फ्लायव्हीलवर चरे पाडले होते; पंधरा दिवस आधीं आलों असतों तर तें काम कदाचित् वांचलें असतें. त्यानें विचारलें, “गाडी कोण चालवतं? कोणाला तरी क्लचवर पाय टेकवून ठेवायची, चढावर क्लचवरच गाडी तोलायची संवय आहे.” सूनबाईनें खालीं पाहिलें. ही संवय तिची नव्हे, आमची, तीस वर्षांची! तिला तें ठाऊक होतें, आणि तिनें तें चारचौघांत उच्चारलें नाहीं.

घरीं आल्यावर रात्रीं पानावर सर्व मंडळी बसलीं असतां आम्ही सांगितलें, “चूक आमची होती, आणि सूनबाई दोनदां बरोबर बोलली होती.” कोणी कांहीं बोललें नाहीं. वाढतां वाढतां ती एवढेंच म्हणाली, “मामंजी, पुढच्या वेळीं मी तिसऱ्यांदाही सांगेन.”

दुरुस्तीविषयीं थोडें सांगून आवरतें घेतों. क्लचसाठीं गिअर-बॉक्स खालीं उतरवावाच लागतो, आणि मजुरीचा मोठा भाग त्यांतच जातो. म्हणून तबकडी, प्रेशर-प्लेट व रिलीज-बेअरिंग हीं बहुधा एकदमच बदलून घ्यावीं. कामापूर्वीं खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि काढलेले भाग पाहावयास मागावे. संपूर्ण गिअर-बॉक्स बदला असें कोणी म्हटल्यास केबल, तेल, जोड आणि क्लच या क्रमानें तपासणी झाली काय, हें विचारावें, आणि दुसऱ्या मिस्त्रीचेंही मत घ्यावें. चालवितांना डावा पाय क्लचवरून काढून शेजारीं ठेवावा, आणि चढावर हँड-ब्रेक लावून थांबावें.

आम्ही या वयांत ही संवय मोडीत आहों. सूनबाई शेजारीं बसते, आणि आमचा पाय चुकला कीं हलकेंच खांकरते.